मधलं जातं, मागचं पुढे सरकतं

नंदाताईंच्या व्हिडिओ एडिटिंगच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे : 'रिपल डिलीट – मधलं जातं, मागचं पुढे सरकतं.' मी साहित्यात एम.ए. केलं, पण इतकी नेमकी व्याख्या मला सुचली नसती.

त्या चारकोपला आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. एकोणीस वर्षं त्यांनी औद्योगिक वसाहतीत बाटल्यांना लेबलं लावली. युनिट बंद पडलं तेव्हा वय शेहेचाळीस. भाचीने, नीलमने, जुना लॅपटॉप दिला आणि मोबाइलवर एडिटिंगचे फुकटचे धडे लावून दिले. दोन महिने त्या एकच क्लिप कापत बसल्या : खिडकीतली मांजर.

"मावशी, त्या मांजरीला आता पगार चालू कर," नीलम म्हणायची.

"गप गं. आज तिची शेपूट बरोबर कट केली."

वर्षभरात त्या वाढदिवस आणि साखरपुडे कापू लागल्या. मग शेजारच्या सुगंधाबाईंनी वारलेल्या नवऱ्याच्या, भाऊरावांच्या, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आणून दिलं. नंदाताई तेव्हा एका नव्या बटणावर खूश होत्या. ते दाबलं की बोलण्यामधल्या रिकाम्या जागा आपोआप गळून जात. त्यांनी दाबलं. व्हिडिओ झकास, चटपटीत झाला.

सुगंधाबाईंनी तो आमच्यासमोरच पाहिला. वंदना झाली, भाषणं झाली, जेवणाच्या पंगतीही झाल्या.

"नंदे, आम्ही उभे राहिलो होतो, ते कुठं गेलं गं?"

दोन मिनिटांची मूक श्रद्धांजली. यंत्राच्या हिशेबी तिथे काहीच नव्हतं.

मूळ रेकॉर्डिंग काढून, कानाला हेडफोन लावून नंदाताई ती दोन मिनिटं ऐकत राहिल्या. मग मला हाक मारली. "ऐक."

मी ऐकलं. पंख्याची घरघर. कुणाच्या तरी बांगड्या. खालच्या घरात कुकरची अर्धवट शिट्टी. आणि एकदाच, अगदी जवळून, सुगंधाबाईंचा नाकातून ओढलेला श्वास. त्या खोलीत तीसेक माणसं गप्प होती आणि प्रत्येकजण वेगळा ऐकू येत होता.

"आणि मी हे रिकामं समजले," त्या म्हणाल्या. ते बटण त्यांनी पुन्हा वापरलं नाही.

मी अंधेरीला ज्या छोट्या स्टुडिओत सबटायटल्स लिहिते, तिथे परवा एडिटरची जागा निघाली. मीच त्यांचं नाव सुचवलं. मालक अनिरुद्ध तिशीतला. परीक्षा म्हणून त्याने गिरणीतून निवृत्त झालेल्या धाकू मामांची चाळीस मिनिटांची मुलाखत दिली. तीन मिनिटांची करायची. त्याआधीच्या चौघांचे व्हिडिओ त्याने पहिल्या मिनिटातच बंद केले होते. नंदाताईंकडे दुसरी कुठली संधी चालून येत नव्हती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

त्यांची बोटं पाहून मी थक्क झाले. कीबोर्डकडे एकदाही न बघता त्या कापत होत्या, जोडत होत्या. बाटलीवर लेबल सरळ बसलं की नाही हे जसं अंगठ्याला कळतं, तसं.

अनिरुद्धने व्हिडिओ लावला. धाकू मामांना विचारलं होतं, गिरणीचा भोंगा आठवतो का? मामा म्हणतात, "आठवता तर." आणि मग काहीच बोलत नाहीत. बघत राहतात. अकरा सेकंद. मला तिथे लिहायला एक अक्षर नव्हतं.

अनिरुद्धचा हात कीबोर्डवर गेला. "नंदाताई, ही एवढी रिकामी हवा कशाला ठेवलीत? दोन सेकंद पुरेत ना."

"नाही पुरत."

"लोक पुढे ढकलतात हो."

"ढकलू देत. सातव्या सेकंदाला बघा, ते मान वर करतात. भोंगा ऐकतायत ते. तिथं कापलं तर त्यांचा भोंगा आपणच बंद केला."

त्याने मागे नेऊन पुन्हा लावलं. सातव्या सेकंदाला मामांची मान हळूच वर झाली. आम्ही तिघंही, कुणी न सांगता, अकरा सेकंद गप्प राहिलो.

मग अनिरुद्ध उठला आणि शेजारच्या, एडिटरच्या खुर्चीवरची आपली बॅग उचलून खाली ठेवली.