टीनाची अठाई

टीनाला मी सहा वर्षांत एकदाही गरम चहा पिताना पाहिलेलं नाही. ती चहा करते, कपात ओतते, कप गॅलरीच्या कठड्यावर ठेवते आणि आतून कोणीतरी "मम्मीऽऽ" म्हणून बोंबलतं. तासाभराने साय धरलेला तोच कप ती औषध घेतल्यासारखा एका घोटात संपवते.

मंचरच्या पेठेत माणिकचंद शेठचं भुसार मालाचं दुकान आहे आणि वर त्यांचं घर. टीना त्यांची सून, राजुरीची लेक. त्यांच्या घराला लागून माझं ब्लाउज शिवायचं दुकान. दोन्ही गॅलऱ्यांच्या मध्ये फक्त एक लोखंडी जाळी. मी मुद्दाम बघत नाही, पण मशीनवर बसलं की सगळं दिसतं, आणि ऐकू तर नको इतकं येतं. माझी दोन्ही पोरं मोठी झाली, कॉलेजला गेली, आता जरा निवांत शिवण करू म्हटलं, तर शेजारी हा तमाशा.

पोरं दोन. थोरला संयम, सहा वर्षांचा. हे नाव ज्याने ठेवलं त्याला एक दिवस हे पोरगं सांभाळायला द्यायला हवं. धाकटी प्रेक्षा, तीन वर्षांची. दिसायला बाहुली, पण घास तोंडात घेतला की पंधरा पंधरा मिनिटं गालात धरून बसते. चावत नाही, गिळत नाही, थुंकतही नाही.

शाळेची व्हॅन पावणेआठला येते. सात चाळीसला संयमला आठवतं की आज पाच प्रकारची पानं न्यायची आहेत.

"काल सांगता येत नव्हतं?" टीना ओरडते.

"काल आठवलं नव्हतं."

मग टीना एका हातात कंगवा घेऊन खाली धावते. एक पान तुळशीचं, एक जास्वंदीचं, दोन शेजाऱ्यांच्या कुंड्यांतली आणि पाचवं माझ्या मनी प्लँटचं, न विचारता. तेवढ्यात तिचा नवरा जिन्यातून विचारतो, "गाडीची चावी पाहिलीस का?" माणूस वाईट नाही, पण घरातलं तिसरं पोर म्हणजे तोच.

या घरात एक नियम आहे. ताटात अन्न टाकायचं नाही. जैनांच्या घरी हे कडक असतं. जेवण झालं की ताटात थोडं पाणी घालून, बोटाने धुऊन, ते पाणीसुद्धा पिऊन टाकायचं. टीनाच्या सासूबाई, पानबाई, जेवून उठल्या की ताट घासलेलं की बिनघासलेलं हे कळत नाही. पण पोरांना कुठला नियम? संयम पोळीचा मधला भाग खाऊन कडा ठेवतो. प्रेक्षा भाताचा डोंगर करते आणि पळते. मग ते कोण संपवणार? टीना. अर्धी इडली, चावलेलं बिस्किट, केळ्याचं काळं टोक, वरणभाताचे चार घास. फोनवर बोलताना, पोरीची वेणी घालताना, तिचा हात आपोआप ताटाकडे जातो आणि तिथून तोंडाकडे. स्वतःचं ताट वाढून घेऊन बसलेली टीना मी कधी पाहिली नाही. ती पोरांच्या उष्ट्यावरच जगत होती म्हणा ना.

आणि या बाईने यंदा पर्युषणात अठाई करायचं ठरवलं. अठाई म्हणजे आठ दिवस अन्नाचा कण नाही. फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत.

"डोकं फिरलंय का तुझं?" मी जाळीतून म्हटलं. "आधीच चिपाड झालीयेस."

"ताई, लग्नाला नऊ वर्षं झाली," ती म्हणाली. "सासूबाईंनी महिन्याचे उपास केलेत. माझ्या जाऊबाईंनी दोन अठाया केल्यात. मी दरवर्षी सुरू करते आणि तिसऱ्या दिवशी सोडते. एकदा दिवस गेले, एकदा संयम अंगावर पीत होता, एकदा हिला ताप. माझं एकसुद्धा काम पूर्ण होत नाही हो. बी.एड. अर्धं राहिलं. शिवणाचा क्लास तुमच्याकडेच लावला होता, आठवतंय? बाहीपर्यंत आले आणि संपलं."

आठवत होतं. ते बिनबाह्यांचं पोलकं अजून माझ्या कपाटात पडून आहे.

"पण हे जमेल," ती म्हणाली. "यात करायचं काहीच नाही, फक्त खायचं नाही. त्यात पोरं काय आडवी येणार?"

मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून मी ते आवरलं. तिला हे मनापासून हवं होतं. पानबाई मात्र तोंडावर म्हणाल्या, "न्हाई जमायचं तुला. लेकरं लहान हायेत. पुढच्या साली बघ." त्या दिवसापासून टीनाने दात-ओठ खाल्ले, म्हणजे खायला तेवढंच शिल्लक होतं.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पित्त झालं. पण घरात सून उपाशी आहे म्हणून पोरांची भूक थोडीच थांबते? स्वयंपाक जाऊबाई करत, पण भरवायला मम्मीच पाहिजे. दुसऱ्या कोणी घास पुढे केला की प्रेक्षा तोंड शिवून घेई. चौथ्या दिवशी संयमने खिशातून वितळलेलं चॉकलेट काढलं आणि आईच्या कानात म्हणाला, "गुपचूप खा, मी कुणाला नाय सांगणार." टीनाने त्याला जवळ घेतलं. पाच मिनिटांनी त्यानेच ते चॉकलेट उशीच्या अभ्र्याला पुसलं, तेव्हा तिने त्याला धपाटा घातला.

पाचव्या दिवसापासून पाहुणे सुरू झाले. उपास करणाऱ्याला साता विचारायला यायची यांची रीत आहे. साता म्हणजे सुखरूप आहेस ना, तब्येत ठीक ना. राजुरीहून माहेरचे आले, नारायणगावचे आले, पुण्याचे आले. बायका येत, टीनाचे पाय शिवत, "धन्य आहेस गं" म्हणत, आणि त्यांच्या मांडीवर गेलेली प्रेक्षा रडायला लागली की, "घे बाई, हिला तूच पाहिजे," म्हणून परत टीनाच्याच मांडीवर ठेवत. मला संताप येई. अरे, पाय कसले धरता तिचे, पोरीचं नाक पुसा! त्या बाईला पूज्य करून ठेवलं होतं आणि पोरं तिच्याच गळ्यात.

शेवटी मीच सहाव्या दिवशी दोघांना दुकानात आणलं. अर्ध्या तासात प्रेक्षाने कळंबच्या एका गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या ब्लाउजपीसला कात्री लावली. मी हात जोडून दोघांना परत केलं. माझ्यात तेवढी तपश्चर्या नाही.

सातव्या दिवशी माणिकचंद शेठनी चौकात फ्लेक्स लावला. टीनाचा लग्नातला फोटो, वर 'तपस्वी सौ. टीना' आणि खाली सगळ्या घराण्याची नावं, संयम आणि प्रेक्षाचीसुद्धा. मला वाटलं, काय पण शुभेच्छुक निवडलेत!

त्याच दिवशी दुपारी चारला मी तिचं ब्लाउज द्यायला गेले. अठाईनंतरच्या मिरवणुकीसाठी शिवलेलं नवं ब्लाउज सात दिवसांत दोन इंच सैल झालं होतं, ते मी आवळून आणलं होतं. बाहेरच्या खोलीत पाहुणे दाटीवाटीने बसलेले. टीना स्वयंपाकघरात फरशीवर बसून प्रेक्षाला वरणभात भरवत होती. डोळे खोल गेलेले. संयम भोवती गोल गोल फिरत गाडीचा आवाज काढत होता.

"प्रेक्षा, शेवटचा घास. चिऊचा. काऊचा. आता कुणाचाच नाही, गीळ गं बाई!"

प्रेक्षाने तोंड फिरवलं आणि पळाली. टीनाने उसासा टाकला. ताटाच्या कडेचा भात बोटांनी गोळा केला, माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, बाही फार घट्ट नाही ना केली?" आणि घास तोंडात टाकला.

माझ्या हातातून ब्लाउज पडलं. तिने माझं तोंड पाहिलं आणि तिचं तोंड हलायचं थांबलं. तोंडातला भात तिने तळहातावर थुंकला. नुसती बघत राहिली त्याच्याकडे.

मी म्हणणार होते की कोणी पाहिलं नाही. पण संयमची गाडी थांबली होती.

"मम्मी! अन्न टाकलंस! पाप लागतं!" धर्माच्या पाठशाळेत हे एवढं मात्र नीट शिकला होता. मग त्याच्या डोक्यात आणखी काहीतरी चमकलं आणि तो बाहेर पळाला. "दादी! मम्मीनं भात खाल्ला!"

बाहेरचे सगळे स्वयंपाकघरात घुसले.

मग जो तो शहाणा झाला. एक म्हणाली, मोडलं. दुसरी म्हणाली, एक घास तो काय, कशाला बोभाटा करायचा. शेठना चौकातल्या फ्लेक्सची काळजी पडली. पानबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी म्हणले व्हते."

टीना भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "बघितलंत ताई? न खाणंसुद्धा मला धड जमू देत नाहीत." मग ती एकदम ओरडली, सात दिवस न जेवलेल्या बाईच्या अंगात कुठून आला कोण जाणे तो आवाज. "मला एक गोष्ट पूर्ण करायची होती! एकच! मला पाहिजे होती!" संयम दाराआड लपला. प्रेक्षा भोकाड पसरून तिच्याच मांडीवर येऊन बसली, आणि टीनाने रागाच्या भरातही पदराने तिचं तोंड पुसलं.

"चला," ती उठली. "झाकायचं नाही मला. महासतीजींना सांगून टाकते. मोडलं तर मोडलं."

महासतीजी म्हणजे यांच्या साध्वी. चातुर्मासाला पेठेतल्या जैन स्थानकात उतरल्या होत्या. रोज सकाळी टीना त्यांच्यासमोर हात जोडून त्या दिवसाच्या उपासाचं पच्चक्खाण, म्हणजे व्रताचा संकल्प, घेऊन यायची. मी प्रेक्षाला काखेत मारलं, पानबाईंनी संयमचं मनगट धरलं, आणि आमची ही वरात पेठेतून, त्या फ्लेक्सखालून, स्थानकात गेली.

टीनाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. महासतीजी वयस्कर होत्या, तोंडावर पांढऱ्या कापडाची मुहपत्ती बांधलेली, त्यामुळे त्या रागावल्यात की काय ते कळत नव्हतं.

"तोंडात घातलं तेव्हा उपासाची आठवण होती?"

"नव्हती."

"आठवल्यावर गिळलं?"

"नाही. थुंकलं."

"मग मोडलं कशाने?" त्या म्हणाल्या. "पच्चक्खाणात पहिलीच सवलत ती आहे. अन्नत्थणाभोगेणं. विसरून तोंडात काही गेलं आणि आठवताच थांबलात, तर व्रत तुटत नाही. सात दिवस रोज सकाळी मी हे तुझ्यासमोर म्हणते आहे. ऐकलं नाहीस?"

टीना खाली बघत म्हणाली, "नाही महासतीजी. त्या वेळेला ही रडत असायची, नाहीतर हा खांबावर चढत असायचा. मी नुसते हात जोडायची. तुम्ही काय म्हणता ते एक दिवसही ऐकू आलं नाही."

मला एकदम रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला. सात दिवस ही बाई उपाशी, आणि जे व्रत घेते आहे ते ऐकण्याइतकी दोन मिनिटंसुद्धा तिला कोणी दिली नव्हती. मी दिली नव्हती. एका ब्लाउजपीससाठी पोरं परत पाठवणारी मीच की.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होते, तेव्हा पानबाई जिना उतरताना दिसल्या. एका हाताला संयम, दुसऱ्या काखेत प्रेक्षा, दोघंही गळा काढून रडत होती. "टीना स्थानकात गेलीया, एकली," त्या मला म्हणाल्या. "तवर ही माझ्यापाशी. अगं काय पोरं हायेत का काय ही! ही बया एवढी वर्षं कसं..." पुढचं त्यांना बोलता आलं नाही, कारण संयम त्यांचा हात सोडवून पळाला होता.

अठाई पूर्ण झाली. मिरवणूक झाली, बँड वाजला, ब्लाउज बरोबर बसलं. नवव्या दिवशी सकाळी पारणं. टीनाला पाटावर बसवलं, समोर चांदीच्या वाटीत मुगाचं गरम पाणी. घरच्यांनी एकेकाने तिला चमचा पाजायचा अशी रीत. पण पानबाईंनी सगळ्यांना मागे सारलं. "पहिला घोट तिचा तिला घेऊ द्या. पोरं मी धरलीत." आणि खरंच, दोघांना दोन्ही गुडघ्यांखाली दाबून बसल्या होत्या.

टीनाने वाटी उचलली. वाफ येत होती. सगळं घर तिच्याकडे बघत होतं. तिने चमचा भरला, फुंकर मारली, दोनदा, तीनदा. तेवढ्यात प्रेक्षा पानबाईंच्या गुडघ्याखालून सुटली, पाटाशी आली आणि चोचीसारखं तोंड उघडून उभी राहिली.

"नाही!" मी आणि पानबाई एकदमच ओरडलो.

टीनाने चमचा तिच्या तोंडात घातला. प्रेक्षाने ते पाणी गालात धरलं, विचार केला, आणि अर्धं परत वाटीत सोडलं. मी कपाळावर हात मारून घेतला. टीनाने वाटी तोंडाला लावली आणि सावकाश, गरम गरम, सगळी संपवली. मग वाटीत थोडं पाणी घातलं, बोटाने फिरवलं आणि तेही प्यायली.

"अगं, काय हे!" मी म्हटलं. "आज तरी उष्टं नको होतं."

"या वेळेस विसरून नाही हं, ताई," ती म्हणाली. "आठवण होती."