तीर्थाचा ठसका

दवाखान्यानं मला फसवलं. लकवा मारलेल्या माझ्या बायकोला घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी दिली, पथ्य सांगितलं. पण तिला पाणी कसं पाजायचं, याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पुढचे अकरा दिवस तिला मी फसवलं.

त्या साली दुष्काळानं आमची विहीर आटली होती. कडा गावाकडच्या एका सहकारी संस्थेनं चारा छावणी उघडली. तिथं चार म्हशी बांधल्या आणि त्यांच्याशेजारी पाल ठोकून बायकोची खाट टाकली. घरी तिच्याजवळ बसणारं दुसरं कुणी नव्हतं. मी जनावरांचा व्यापारी. आष्टीच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे करत वर आलेला माणूस. देवाशीही तसाच बोललो : ही बरी झाली तर अभिषेक घालीन, नाहीतर तुझी पायरी चढणार नाही.

रोज सकाळी छावणीमागच्या महादेवाचं तीर्थ आणायचो. ती उताणी निजलेली. हनुवटी वर उचलायची आणि आपण तांब्यातलं पाणी वरून पितो तसं पळीनं घशात सोडायचं. तिला ठसका लागे, डोळ्यांत पाणी येई, छाती घरघरे. मी ओरडायचो, "देवाचं तरी नीट गीळ की!" पुढं पुढं पळी दिसली की ती ओठ मिटून घेऊ लागली. मी त्याला हट्ट समजलो. अंगात बारीक ताप होता, तो लकव्याचाच धरला.

बाराव्या दिवशी पाण्याचा टँकर आमच्या पालापाशी लागला. मी बायकोची हनुवटी उचलून तीर्थ पाजत होतो, ते पाहून घागर घेऊन आलेली एक बाई थबकली. छावणीच्या पार पलीकडच्या टोकाची, मी कधी न पाहिलेली.

"दादा, म्हशीला औषध पाजताना मान किती वर करता?"

"नाक डोळ्याच्या वर जाऊ देत न्हाई. लई वर केली की औषध फुप्फुसात जातंय," मी गुरकावलो. "तुला कावून पायजे?"

"मंग बायकूनंच काय पाप केलंय?"

पळी बाजूला ठेवून मी तिला जागा दिली.

तिनं घागर खाली ठेवली. कडब्याच्या पेंढ्या पाठीशी रचून बायकोला ताठ बसवलं. लुळ्या पडलेल्या बाजूला तिचं तोंड वळवलं आणि म्हणाली, "आक्का, म्हादेवाला वाकल्यावानी हनुवटी छातीशी न्या. आता गिळा." अर्धा चमचा तीर्थ. आम्ही थांबलो. ठसका आला नाही. ती बाई पुन्हा म्हणाली, "पाण्यापरीस दाट पेज द्या. खाल्ल्यावर घटकाभर निजवू नका. माझ्या सासऱ्याला हे एका सिस्टरनं शिकवलं, म्हणून त्यो दोन वर्सं जेवला."

बायको वाकड्या तोंडानं म्हणाली, "अजून." लकवा झाल्यापासूनचा तिचा पहिला स्वच्छ शब्द.

दुसऱ्या दिवशी पेज पुरती दाट झाली का, हे दाखवायला त्या बाईला शोधत गेलो. ती गाई घेऊन माहेरी निघून गेली होती, दावण रिकामी होती. नावही विचारलं नव्हतं.

त्यानंतर बायको एकोणीस दिवस जगली. छातीत आधीच जे पाणी उतरलं होतं, ते काढता आलं नाही. पण ते एकोणीस दिवस ती न भिता प्याली. शेवटच्या सकाळी पळी पाहून तिनं आपणहून हनुवटी खाली घेतली, तीर्थ गिळलं आणि माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. मी तो खूप शोधला.

अभिषेक मी घातला. सौदा तुटला होता, तरी घातला. त्या बाईला कुणी धाडलं हे मी विचारत नाही. मागितलं ते मिळालं नाही, मिळालं ते मागायची अक्कल मला नव्हती. आता पायरीशी डोकं टेकताना हनुवटी छातीला लागते आणि तिथंच रडू येतं. महादेवाशी माझं भांडण मिटलं आहे.

डॉक्टर, तुमच्याशी नाही. म्हशीच्या औषधाचं मला ठाऊक होतं, तरी बायकोचं कळलं नाही. त्याचा जाब मी रोज देतो. तुम्हाला तर माणसाचंच शिक्षण होतं. चिठ्ठी लिहायला वेळ होता, मग तिची हनुवटी एकदा खाली धरून दाखवायला काय झालं होतं? उत्तर द्या.