नैसर्गिक वाटतं का?

'माय बॅड', म्हणजे 'चुकलं माझं', हे साहेबांना म्हटलं तर चालतं का? 'आय एम डाउन' म्हणजे मी उदास आहे, की मी यायला तयार आहे? 'गाइज' म्हणताना त्यात बायका धरायच्या की नाही? इंग्रजी शिकणारे जगभरचे लोक एका संकेतस्थळावर असले प्रश्न टाकतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीत बसून मी उत्तरं देते. तेच माझं काम. उत्तराची सुरुवात ठरलेली असते: "आमच्याकडे असं म्हणतात." आमच्याकडे म्हणजे कुठे, ते कुणी विचारत नाही. आमच्या गल्लीत आजवर कुणी कुणाला 'माय बॅड' म्हटलेलं नाही. पाय लागला तर आम्ही नमस्कार करतो आणि पुढे जातो.

सहा वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मी कॉलेजातली शिकवण्याची नोकरी सोडली. तेव्हापासून माझं जग आईच्या हाकेएवढं आहे. हाक ऐकू येईल इतक्याच अंतरावर राहायचं. दार लावायचं नाही, कारण लावलेल्या दाराची आईला धास्ती. कोपऱ्यावर फुलं आणायला गेले तरी अर्धं लक्ष घरात. खोटं कशाला बोलू, कधी कधी मला तिचा राग येतो. राग आला की स्वतःची लाज वाटते, आणि दोन्ही घेऊन मी पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसते.

त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा संकेतस्थळावर नाव नोंदवलं तेव्हाच घोळ झाला. तुमची मातृभाषा कोणती? मी मराठी निवडली. लगेच पडद्यावर देवनागरीतला एक उतारा आला: वाचा आणि उत्तरं द्या. आम्ही तंजावुरातले मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलत आलो, पण वाचता कुणाला येत होतं? ती अक्षरं आमच्याकडे फक्त देवघरातल्या पोथीत होती आणि पोथी कुणी उघडत नसे. (आता हे लिहिते आहे ती अक्षरं मी बरीच नंतर शिकले.) मग तमिळवर बोट नेलं. तमिळ मला घडाघडा वाचता येतं. पण "तमिळ लिहूं का?" असं मोठ्यानं विचारलं, तर आतून आई म्हणाली, "आपण तमिळ कां होऊं गे?" उरली इंग्रजी. तिच्यावर खूण केली. लहानपणी आईनं घोटून घेतलेलं इंग्रजी कामी आलं, चाचणीत पैकीच्या पैकी मिळाले आणि माझ्या नावापुढे शिक्का बसला: मातृभाषा इंग्रजी. असला घोटाळा आमच्यासारख्यांच्याच घरी होऊ शकतो.

आधी त्या शिक्क्याची ऐट वाटली, मग तो गळ्यात पडला. व्हिएतनाममधली एक नर्स दोन वर्षं रोज मलाच प्रश्न विचारायची. म्हाताऱ्या रोग्याला 'स्वीटी' म्हणावं का? 'यू ओके?' उद्धट होतं का? प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी एकच पालुपद: "हे नैसर्गिक वाटतं का?" दिवसभरात माझ्याच नावानं माझं मत विचारणारं तेवढं एकच माणूस जगात होतं. तिला परदेशातल्या इस्पितळात नोकरी हवी होती आणि मला तिची सोबत हवी होती. म्हणूनच, "मुलाखतीआधी एकदा खऱ्या इंग्रजी माणसाशी बोलायचंय, दहाच मिनिटं," असं तिनं लिहिलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. माझं तंजावुरी इंग्रजी तिनं ऐकलं की संपलंच. घसा बसलाय, इंटरनेट बंद आहे, पाहुणे आलेत, अशा थापा मी चार महिने मारल्या. मुलाखतीच्या आदल्या दिवशी थापा संपल्या.

दुपारी आई जेवून झोपली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मी मधलं दार लावलं. नर्सला फोन लावला आणि इंग्रजी मालिका बघून कमावलेला उच्चार काढला. मी मुलाखतीचे प्रश्न विचारत होते, ती उत्तरं देत होती, मधूनच आनंदानं हसत होती. बाई खुशीत होती आणि मीही. तेवढ्यात आतून हाक आली.

"कोण गे तें? दार कां लावलीस?"

"आलें गे आई, दोन मिनिटं," माझ्या तोंडून निघून गेलं.

"कोण आहे? ही कुठली भाषा?" नर्सनं विचारलं.

खरं सांगितलं असतं तर तिथेच सुटले असते. मी इंग्रजीत म्हणाले, "माझी हाउसकीपर. म्हातारी आहे बिचारी. तिच्याशी तिच्याच भाषेत बोलावं लागतं."

जुनं लाकडी दार, बोटभर फट. आणि आई जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवत होती.

दार उघडलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी काफी केली, तिला उठवून बसवलं. ती दोन घोट घेऊन म्हणाली, "साखर कमी झाली गे." एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून मी खुर्चीत असले की आई हाक मारेनाशी झाली. काफीचा पेला ज्या पसरट वाटीत ठेवतो, त्या दवऱ्यावर ती चमचा वाजवते. मी म्हटलं, "आई, हाक मारीत जा गे." ती म्हणाली, "राहूं दे. तुझें काम आहे." रागावली असती तर बरं झालं असतं. मला पाया पडायला तरी जागा राहिली असती.

नर्सला नोकरी मिळाली. आठवड्यानं तिचा प्रश्न आला, नेहमीप्रमाणे माझ्याच नावावर: "माझ्या इंग्रजी मैत्रिणीकडे एक वृद्ध हाउसकीपर आहे. तिची हाक ऐकून मला माझी आई आठवली. त्या दोघींबद्दल मला लिहायचंय: 'शी इज लाइक अ मदर टु हर.' हे नैसर्गिक वाटतं का?"

उत्तराची चौकट रिकामी होती. खरं लिहायला हवी तेवढी जागा होती. मी दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं.

आत दवऱ्यावर चमचा वाजला.

"हो," मी लिहिलं. "अगदी नैसर्गिक वाटतं. आमच्याकडे असंच म्हणतात."