मे महिन्यातला रिकामा किनारा

मांबलम स्टेशनवर बसून लिहितेय.

इकडे पूर्व किनाऱ्यावर पर्यटकांच्या बोटींसाठी जेट्टी कुठे बांधायची, वस्तीला त्याचा काय फायदा, हा माझा पीएचडीचा विषय. लाटांचा अभ्यास इंजिनिअर सहकाऱ्यांचा, माणसांचा माझा. आज समितीसमोर मी नकाशावर बोट ठेवून सांगितलं, "ही जागा वापरात नाही."

मागे बसलेल्या सेल्वी अक्का उठल्या. त्याच किनाऱ्यावर मासे विकतात, मीच त्यांना बोलावलं होतं.

"तू कधी बघितलंस, अम्मा?" इकडे तरुण मुलीलाही मायेनं अम्मा म्हणतात.

"मे महिन्यात. तेव्हा कॉलेजला सुट्टी असते."

"तेव्हा माशांच्या विणीचा काळ, मासेमारीला बंदी असते. बोटी बंदरात बांधलेल्या, आम्ही घरी. एरवी आमचा बाजार तिथंच भरतो."

माझे गाईड हळूच म्हणाले, "पुढची स्लाइड घे."

मला ती घेता येईना. "सर, सर्वेक्षण पुन्हा करावं लागेल," एवढंच मी म्हणाले. सरांनी फाईल मिटली.

दोन उन्हाळे मी तिथे गेले. माणसं कुठे गेलीत, हे एकदाही विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतं?

निघताना अक्का म्हणाल्या, "बंदी उठली की पहाटे ये. उभं राहायला जागा मिळाली तर मोज."