मी मोठ्यानं वाचलेली कॉमेंट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, साताऱ्यातल्या माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही — आणि तिला तर वाटतं की माझ्या पोटातलं सगळं तिला ठाऊक आहे. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण गेल्या आठवड्यात माझंच बोलणं ऐकून मला माझा इतका संताप आला, की... थांबा. आधी तो आठवडा सांगते.

सांगलीत दागिन्यांच्या एका शोरूमची मी मॅनेजर आहे. खाली सोनं. वरच्या मजल्यावर स्टुडिओ, म्हणजे एक खोली, मखमल टाकलेलं टेबल, मोठा गोल दिवा आणि स्टँडला लावलेला फोन. तिथून आम्ही चांदीचे आणि एक ग्रॅम सोन्याचे दागिने लाइव्ह विकतो. मलकापूर, फलटण, जत — कुठकुठल्या बायका घरात बसून बघतात, कॉमेंटमध्ये दागिन्याचा नंबर लिहितात, दागिना घरपोच जातो. बघणारीला वाटतं, काय सोपं काम! लाइव्हच्या आधी एसी बंद करा, नाहीतर घरघर ऐकू येते. ट्रे नंबरवारी लावा. एकच बोरमाळ दोघींना कबूल होऊ देऊ नका. हे सगळं मी बघते. "मॅडम आहेत म्हणून सुरळीत चाललंय," असं मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतात. सुरळीत! माझं डोंबल सुरळीत.

तर गेल्या आठवड्यात आमच्या नव्या मुलीला कुणीतरी तिच्या दातांवरून घाणेरडं काहीतरी लिहिलं. चालू लाइव्हमध्ये. पोरगी कशीबशी शेवटपर्यंत बसली आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडली. मी पेटले. सगळ्या स्टाफला समोर उभं करून बोलले, की तोंड लपवून लिहिणारी ही भेकड माणसं! समोर यायची छाती नाही आणि एखाद्या गरिबाच्या पोटावर पाय द्यायला पुढे! यांना लाज कशी वाटत नाही? बोलता बोलता माझा आवाज चढला, डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मालकांनीसुद्धा.

टाळ्या! अरे, कुणासाठी वाजवताय? कुणी एकानं तरी विचारायचं होतं, की मॅडम, तुम्हाला हे इतकं आतून कसं ठाऊक?

ठाऊक होतं. कारण मला 'सोनल' ठाऊक आहे.

सोनल म्हणजे मीच. लाइव्ह नवं होतं तेव्हा कुणी कॉमेंट करायचं नाही, सगळं गारठायचं. मालक म्हणाले, दुसऱ्या नावानं तुम्हीच चार शब्द लिहा, म्हणजे बायकांना हुरूप येतो. मी गुलाबाच्या फुलाचा फोटो लावून खातं उघडलं आणि एक दागिना ठेवून दुसरा उचलायच्या मध्ये टेबलाखालच्या दुसऱ्या फोनवर लिहायला लागले. 'अय्या, किती सुंदर! मला पण हवी.' 'ही ठुशी अजून आहे का?' या धंद्यात हे सगळेच करतात. मालकांना माहीत होतं, मला माहीत होतं, बाकी कुणाला नाही.

आणि आता महादेवी. तिचं नाव लिहिताना हात थांबतोय, पण लिहिते.

जतच्या पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीला लागून तिचं गाव. आमच्याकडे ती चांदी उजळायला आली होती. मागच्या खोलीत दिवसभर रिठ्याच्या पाण्यात हात घालून जोडवी, पैंजण, करंडे घासायची. शाळा सातवीपर्यंत, तीही कन्नड. मराठी बोलायची फर्डी, पण वाचायची एकेक अक्षर लावत. सगळ्या पोरी मला मॅडम म्हणायच्या, ती अक्का म्हणायची. मी दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

तोवर दोन वर्षं लाइव्ह मीच करत होते. छान करत होते, निदान मला तसं वाटायचं. एकदा माझा घसा बसला. मालक म्हणाले, आज महादेवीला नुसते दागिने हातात धरू दे. ती नुसती धरेल कशी! वज्रटीक उचलली आणि म्हणाली, "ही घातली की मान ताठ ठिऊनच चालाय लागतंय बगा बायानु. खाली बगायचं नावच न्हाई." बायकांनी हसरे चेहरे पाठवले, कॉमेंटांचा धबधबा सुरू झाला. बोरमाळ कुठल्या साडीवर शोभते, पैंजण कसे बोचतात, सगळं ती आपल्या आत्याला सांगावं तसं सांगत सुटली. त्या दिवशी तासाभरात ट्रे रिकामे झाले.

दुसऱ्या दिवशी माझा घसा बरा होता. मालक म्हणाले, "तुम्ही आता मागे बसा मॅडम. तिला कॉमेंट वाचून दाखवत जा."

मी बसले. चेहरा हसरा ठेवून फोनच्या मागे बसले. अंगाचा नुसता तिळपापड! दोन वर्षं मी घडवलेला तो स्टुडिओ, तो दिवाही मी निवडलेला, आणि मी हिची वाचक? पोटात दुखत होतं माझ्या, दुसरं काही नाही. पण मी त्याला नाव काय दिलं असेल? शोरूमचा दर्जा! 'हय, न्हाई' बोलणारी बाई समोर बसवली तर दर्जा जातो म्हणे. हे मी स्वतःला रोज सांगत होते आणि स्वतःला ते पटतही होतं. त्याचीच जास्त चीड येते आज.

मालकांनी तिला शब्द दिला होता, महिनाभर असंच चाललं तर लाइव्हचं काम कायम तिचं. म्हणजे पगार जवळजवळ दुप्पट. तिची आठ वर्षांची पोरगी गावी आजीकडे होती. तिला सांगलीला आणायची, इथल्या शाळेत घालायची. विश्रामबागेच्या मागे तिनं एक खोलीही बघून ठेवली होती. हे मला तिनंच सांगितलं होतं, जेवणाच्या सुट्टीत. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

तो महिना संपायला चार दिवस राहिले होते. ती कॅमेऱ्यासमोर पुतळी हार धरून बोलत होती. मी मांडीवरच्या दुसऱ्या फोनवर सोनलचं खातं उघडलं आणि लिहिलं — 'दागिना बघायचा की हातावरच्या त्या काळ्या भेगा? धुणीभांडीवाली बसवलीय का?'

त्या भेगा कशाच्या होत्या? आमच्याच चांदीच्या. तो काळा रंग आमच्याच पैंजणांचा होता!

आणि इथं संपलं असतं तरी निभावलं असतं, कारण तिला ते दिसणार नव्हतं. पडद्यावर अक्षरं पळत होती, तिला ती लागत नव्हती. पुढच्या दहा कॉमेंटांत ती वाहून गेली असती. मी बोट लावून ती पुसूही शकत होते, माझं कामच ते. पण महादेवीनं नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणत्यात, अक्का?"

आणि मी वाचली. मोठ्यानं. अक्षर न अक्षर.

कळलं का तुम्हाला? लिहिलीही मी आणि तिच्या कानापर्यंत पोचवलीही मीच. माझ्यावाचून ती कॉमेंट तिला कधी लागलीच नसती.

तिनं हार खाली ठेवला. हात पदराखाली घेतले. मग पुन्हा बाहेर काढले, कारण दागिना दाखवायचा तर हात लागतात. पुढचा अर्धा तास ती बोटं मुडपून, नखं लपवून दागिने धरत होती. एकदाही हसली नाही. खाली कॉमेंटांत बायका तिच्या बाजूनं भांडत होत्या. त्यातलं मी एक अक्षर वाचलं नाही. तिनं विचारलं तेव्हा नुसते नंबर सांगितले.

दुसऱ्या दिवशी ती आली ती हात सोलवटून. लिंबू, मीठ आणि घासणीनं रात्री घासले होते म्हणाली. दोन ठिकाणी रक्त येत होतं. माझ्यासमोर दोन्ही पंजे धरले. "आता बरं दिसत्यात का, अक्का?"

मी म्हटलं, काही दिवस तू मागेच बस. लोक वाईट असतात गं.

लोक! बघा, जीभ झडली नाही माझी.

मालकांना सांगितलं, गिऱ्हाईक नाराज आहे. ते म्हणाले, तुम्हाला कळतं त्यातलं. मी परत कॅमेऱ्यासमोर बसले. महादेवी दोन महिने मागं चांदी घासत राहिली आणि मग गावी गेली. खोली घेतली नाही, पोरीची शाळा बदलली नाही. जाताना सगळ्या पोरींना म्हणाली, अक्कांनी माझी लय काळजी घेतली. मी तिला साडी दिली. हो, दिली.

याला तीन वर्षं होत आली. आणि त्या टाळ्यांच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारी तिचा फोन आला.

पोरगी आता मराठी घडाघडा वाचते, हे तिला सांगायचं होतं. गावातच एका मास्तरांकडे शिकली. "ती म्हणती, आई, तुजा त्यो व्हिडिओ दाव. बायांनी काय काय लिवलंय, मी वाचून दावते तुला. हाय का वं त्यो अजून?"

होता, तिच्या त्या शेवटच्या लाइव्हचा. तिच्याशी बोलता बोलताच मी तो काढला. खाली सगळं तसंच्या तसं होतं. 'हिला ऐकून माझी आई आठवली.' 'आमच्या जतची लेक, लय भारी!' 'त्या हातांना नमस्कार.' 'रोज हिलाच बसवा.' एकाखाली एक, एकाखाली एक. आणि मध्ये गुलाबाचं फूल. ते एकटं पुसणं सोपं होतं. पण बाकीच्यांचं काय? एवढ्या सगळ्या बायांतून अक्कांनी ती एकच का वाचली, हे त्या पोरीनं पहिल्याच मिनिटाला विचारलं असतं.

मी म्हटलं, नाही गं, जुने व्हिडिओ आपोआप निघून जातात.

ती म्हणाली, "जाऊ द्या, अक्का. तवा तुमी वाचलं व्हतं की सगळं. कुणी चांगलं लिवलं असतं तर तुमी सांगितलंच असतं मला."

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि तो व्हिडिओ पुसून टाकला.