हौसामावशीचा हंडा

टाकी बांधून झाली, पाइप टाकून झाले, वाडीच्या मधोमध नळाचा खांबही उभा राहिला, आणि पाणी काही येईना! सकाळी झऱ्याजवळची चावी उघडली तेव्हापासून अख्खी वाडी नळाकडे डोळे लावून बसली होती. नळातून नुसती फुसफुस. मी जन्माची तापट. मनातल्या मनात देवाला म्हटलं, अहो, एवढ्या बायका डोंगर चढून राबल्या, ते काय तुम्हाला दिसलं नाही? श्रद्धा कसली नि काय, मला तेव्हा रडूच यायचं बाकी होतं.

हे सगळं सुरू झालं ते हौसामावशीमुळे. लोणावळ्याच्या वरच्या डोंगरात ठाकरांची एक वाडी आहे, तिथून ती आमच्या तुंगार्लीत करवंदं आणि रानभाज्या विकायला येते. बरोबर सून असायची, सुगंधा. दोघींचं हसणं गल्लीच्या टोकापासून ऐकू यायचं. एका उन्हाळ्यात मावशी एकटीच आली. मी विचारलं तर पाटी खाली ठेवून पायरीवर बसली. झऱ्यावरून हंडा आणताना सुगंधा उतारावर घसरली होती, हात मोडला होता. माहेरचे येऊन तिला कामशेतकडे घेऊन गेले आणि सांगून गेले, दारात पाणी येईल तेव्हाच पोर सासरी येईल. "त्यांचं बी बरूबर हाय, ताई," मावशी म्हणाली. "पर तिच्याबिगर घर लय खायाला उठतं."

ते ऐकून मला चैन पडेना. आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. त्यांना म्हटलं, टाळ कुटून देव भेटायचा तेव्हा भेटेल, आधी त्या वाडीत पाणी नेऊ. एका संस्थेने पाइप दिले, त्यांच्या इंजिनिअरने आखणी करून दिली, आणि आम्ही रविवार आला की डोंगर चढायला लागलो. वाडीतली माणसं चर खणायची, आम्ही माती ओढायचो, पाइप धरायचो. माझे गुडघे असे कुरकुरायचे की वाडीतल्या बाया म्हणायच्या, "ताई, तुमी आपल्या सावलीत बसा अन् अभंग म्हना!" अभंग म्हणायचे आणि पाटीही उचलायची, त्याशिवाय राहवायचं नाही. त्या बायांनी मला इतका जीव लावला की रविवारची मी वाट बघायला लागले.

पाणी सोडायच्या दिवशी सकाळी मावशी मला एकटीलाच वर घेऊन गेली. झऱ्याशी साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड आहेत. पाण्याच्या देवता त्या. त्यांची ओटी भरल्याशिवाय तिथलं पाणी कुणी दुसरीकडे वळवत नाही. मावशीने खण-नारळ ठेवला, डोकं टेकलं आणि हळूच म्हणाली, "बायांनो, पयला हंडा माझी सून भरंल. तवर आमी नळाला हंडा लावनार न्हाई." मी चरकले. म्हटलं, मावशी, ती येणार कशी? आपण तर कळवलंही नाही. "पानी आल्याबिगर कुन्या तोंडानं कळवू? माजं सांगायचं काम झालं, ताई. आता त्या बगतील." एवढं बोलून ती उतरायलाही लागली.

आणि आता दुपार कलली तरी नळ कोरडा. पोरं पाइपाच्या कडेने वर गेली होती, कुठेतरी हवा अडकली असेल म्हणून एकेक जोड सैल करून बघत होती. खाली कुजबुज सुरू झाली, ओटी भरताना काही चुकलं असेल. मावशी नळाशी बसून होती. तेवढ्यात पाऊलवाटेने कुणीतरी येताना दिसलं. हातात कापडी पिशवी, पदर खोचलेला. सुगंधा!

मावशी ताडकन उठली. सुगंधा धापा टाकतच म्हणाली, "आत्या, पानी आलं का?" मी कोरड्या नळाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, तुला कसं गं कळलं? म्हणाली, सकाळी कामशेतच्या बाजारात बांगड्या भरत होते, शेजारी एक बाई बसली होती. ती म्हणाली, तुझी सासू पहिला हंडा तुझ्यासाठी राखून बसलीय, जा की. "वळखीची न्हवती. मागं वळून बगतीया तर उठून बी गेली."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ते शब्द मावशी झऱ्याशी बोलली तेव्हा तिथे आम्ही दोघीच होतो, आणि त्या डोंगरात फोनला रेंज नाही. ती बाई कोण, हे मला आजही माहीत नाही. मावशीला विचारायला वळले, तर ती झोपडीत गेलेली. बाहेर आली ती भाकरतुकडा आणि पाण्याचा हंडा घेऊन. माणूस घरी आलं की तुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं. पाणी घालायचं म्हणजे तांब्याभर, आणि या वाडीत तर चार थेंब. घरात तेवढा एकच हंडा होता, पहाटे झऱ्यावरून आणलेला. मावशीने तो उचलला आणि सगळाच्या सगळा सुनेच्या पायांवर ओतला.

"अगं बया, सगळंच ओतलंस? आता रातीला काय पिशील?" शेजारीण ओरडली.

"माजी पोर आली की गं," मावशी म्हणाली आणि सुनेच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागली. सुगंधाही रडत होती. "नळ न्हाई तर न्हाई, आत्या. मी न्हाई आता परत जायाची." त्या दोघींकडे बघून आम्हा सगळ्यांचेच डोळे भरून आले. नळाकडे आमची पाठ होती. म्हणून पाणी नेमकं कधी आलं, ते कुणीच पाहिलं नाही. मागून वाहत आलेलं पाणी पायांना लागलं तेव्हा कळलं.

मी इतकी वर्षं देवाजवळ बसते ते हात पसरून. हे दे, मग मी तुझी. त्या दिवशी एका बाईने नळ कोरडा असताना घरातला शेवटचा थेंब आनंदाने ओतलेला मी पाहिला. उद्याचं उद्या बघायला कुणीतरी आहे, हे तिला माझ्याइतकं गाऊन सांगता आलं नसतं. पण तिला ते ठाऊक होतं. त्या आसरांपुढे मी तेव्हापासून फक्त डोकं टेकते, मागत काही नाही.

सुगंधाने पहिला हंडा भरला, आणि आधी मला ओंजळ धरायला लावली.