बाटलीवरचं कोकरू

जळकोटच्या बिराप्पानं पन्नास वर्षं मेंढरांमागं चालण्यात घालवली. दिवाळी सरली की कर्नाटकाकडं उतरायचं, मृगाच्या तोंडावर माघारी यायचं. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठला शेतकरी रानात बसू देतो, सगळं तोंडपाठ. मग एका वर्षी रोगाची साथ आली आणि शंभरातली अकरा मेंढरं उरली. गुडघेही थकले होते.

त्याच सुमारास अनिरुद्धनं अणदूरच्या वाटेवर कृषी पर्यटन केंद्र काढलं. तुळजापूरच्या शिक्षकाचा मुलगा, वागायला मऊ. म्हणाला, "बिराप्पामामा, मेंढरं घेऊन इथंच राहा. चारा माझा, पगार माझा. पाहुण्यांना फक्त दाखवायचं." बिराप्पाची बायको सिताबाई पाहुण्यांसाठी चुलीवर भाकरी थापायला लागली. बारा महिने एकाच छपराखाली झोपणं तिला जन्मात पहिल्यांदा मिळालं होतं.

रविवारी सोलापूर-लातूरच्या गाड्या येत. बिराप्पा पटका बांधून उभा राही. लोक त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत.

माघात एक मेंढी व्याली. पाहुण्यांच्या पोरांनी कोकराला बाटलीनं दूध पाजावं, अशी टूम अनिरुद्धनं काढली. त्यासाठी रविवारी सकाळपासून ते आईपासून तोडायचं, म्हणजे भुकेनं बाटलीला लागतं.

"आई दुधाची हाय, मालक. बाटली कशापायी?" बिराप्पानं विचारलं.

"मामा, पोरं लांबून येतात. घरी गेल्यावर तेवढंच सांगत बसतात."

रविवारी बिराप्पानंच कोकरू आईपासून वेगळं बांधलं.

हुरड्याच्या शेवटच्या रविवारी लईच गर्दी लोटली. बाटलीमागून बाटली. कोकराचं पोट ताणलेलं बघून बिराप्पानं हात आडवा घातला, "बास झालं आता."

"काका, आमच्या मुलीचा नंबर राहिलाय," एक बाई म्हणाली. "तासभर उभी आहे ती."

मुलगी डोळे मोठे करून बघत होती. बिराप्पानं हात बाजूला घेतला.

दुपारनंतर कोकराचं पोट ढोलासारखं फुगलं. बिराप्पानं तेल पाजलं, ओव्याचं पाणी दिलं, पोट चोळत राहिला. दिवस कलताना कोकरानं त्याच्या मांडीवरच मान टाकली. मेंढी दोन दिवस कुंपणाशी ओरडत होती.

"माझं चुकलं, मामा," अनिरुद्ध म्हणाला. त्याचे डोळे खरंच भरले होते. जरा वेळानं खाली बघत पुढं बोलला, "गुरुवारी शाळेची सहल आहे. दुसरं एखादं कोकरू..."

"न्हाय."

"तुम्ही असताना कसं झालं, एवढंच..."

"म्या हात काढला म्हनून झालं," बिराप्पा म्हणाला.

त्यानं पुतण्याला, शांतलिंगला, फोन लावला. त्याचा कळप यंदा नळदुर्गाजवळच चरत होता. तो आला, मेंढरं त्याच्या हवाली झाली. बिराप्पा हमरस्त्यापर्यंत पोचवायला गेला. समोर हिरवं दिसत होतं. एकाही मेंढीनं मागं वळून पाहिलं नाही. त्याला बरं वाटलं, तरी धूळ खाली बसेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.

"आपन बी जायाचं का?" सिताबाईनं विचारलं.

"गुडघं कुठं ऐकत्यात," तो म्हणाला आणि रस्त्याकडंच बघत राहिला.

आता तो केंद्राच्या फाटकावर बसतो. पाहुण्यांची पोरं विचारतात, "आजोबा, मेंढ्या कुठायत?"

"चरायला गेल्यात," असं म्हणून तो फाटक उघडतो.